ब्लेडच्या तळ्याकाठी भेटलेल्या ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सप्टेंबरात स्लोव्हेनियातील लेस्त्से-ब्लेड स्थानकावर तुम्ही आम्हा मायलेकींना भेटलात आणि संध्याकाळपर्यंत आमच्याबरोबर राहिलात. निरोपाच्या वेळी बस सुटण्याच्या घाईत तुमचे नाव आणि पत्ता विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे जाहीरपणे लिहीत आहे.

स्थानकाच्या नावात ब्लेड आहे म्हणजे तळे समोरच असणार, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात गाव तिथून सुमारे चार किलोमीटर दूर आहे आणि तळ्याजवळचे ब्लेड येझेरो हे स्थानक वेगळ्याच रेल्वेमार्गावर आहे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला बाकावर बसवून मी नकाशा उलटसुलट पाहत होते, तेव्हा "कुठे जायचंय तुम्हाला?" हे मराठी शब्द कानांवर पडले. तुम्ही आम्हाला नुसती बस दाखवली असती तरी ते पुरेसे झाले असते. पण तुम्ही आमच्याबरोबर बसमध्ये चढलात.

उभ्याने वल्ही मारणाऱ्या नावाड्याच्या प्लेत्ना होडीतून आपण बेटाकडे निघालो, तेव्हा समोरच्या उंच कड्यावर १०११ सालापासून लेखी उल्लेख असलेला किल्ला होता आणि त्यामागे आल्प्सचे डोंगर होते. आईचे लक्ष मात्र बेटावरच्या चर्चकडे जाणाऱ्या ९९ पायऱ्यांकडे लागले होते, आणि हे तुम्ही तिने काही बोलण्याआधीच ओळखलेत. नावाड्याशी त्याच्या भाषेत बोलून तुम्ही त्याला थोडे जास्त थांबायला सांगितलेत. मग दर आठ-दहा पायऱ्यांवर विसावा घेत तिला तिथली आख्यायिका तुकड्यातुकड्याने ऐकवलीत, त्यामुळे आपल्यासाठी सगळे खोळंबले आहेत असे तिला एकदाही वाटले नाही.

पतीच्या स्मरणार्थ घंटा ओतवून घेणाऱ्या तरुण विधवेची ती गोष्ट. वादळात घंटेसह होडी तळ्यात बुडते, इथवर येऊन तुम्ही एकदम थांबलात, कारण बाबा गेल्यानंतरचा आईचा हा पहिलाच प्रवास असल्याचे मी तुम्हाला नुकतेच सांगितले होते. "पुढे काय झालं, सांगा ना," असे आईच म्हणाली. चर्चमध्ये पोहोचल्यावर तिने तिथल्या प्रथेप्रमाणे मनात इच्छा धरून, दोर स्वतःच्या हाताने ओढून तीनदा घंटा वाजवली. तिने काय मागितले ते मी विचारलेले नाही. मात्र त्या दिवसापासून ती बाबांविषयी पुन्हा बोलू लागली आहे, आणि याचे श्रेय मी मनोमन तुम्हाला देते.

दुपारी आपण क्रेमश्निता ही तिथली प्रसिद्ध मिठाई खायला बसलो. आई अंडे खात नाही हे कळताच, परदेशात एवढे कोण पाहते असे न म्हणता, तुम्ही आत जाऊन चौकशी केलीत आणि कस्टर्डमध्ये अंडी असतात हे तिला स्पष्ट सांगितलेत. कुणाचे व्रत आपल्या सोयीसाठी मोडू न देणे ही फार मोठी सभ्यता आहे, असे मला वाटते. आईने लिंबू घातलेला चहा घेतला आणि माझ्या बशीतला तो सात सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा निरखून पाहिला: खाली खुसखुशीत पापुद्रा, त्यावर पिवळे कस्टर्ड, पांढरी मलई, पुन्हा पापुद्रा आणि वर भुरभुरलेली पिठीसाखर. "अगं, हे तर चिरोट्याचे पदर!" असे ती म्हणाली. इश्त्वान लुकाचेविच या मिठाईकाराने १९५३ मध्ये तिथल्या पार्क हॉटेलात हा प्रकार ब्लेडमध्ये रूढ केला, ही तुम्ही दिलेली माहिती ती आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. साट्याऐवजी लोणी लावून घड्या कशा घालतात, हे तुम्ही तिला कागदी रुमालावर काढून दाखवले होते. तो रुमाल तिने जपून ठेवला आहे.

या दिवाळीत तिने त्या घड्यांप्रमाणे चिरोटे लाटले. ते नेहमीपेक्षा हलके झाले, आणि त्यातला एक डबा तिने तुमच्या नावाने बाजूला ठेवायला लावला. नाव ठाऊक नसल्याने त्यावर "ब्लेडच्या ताई" एवढेच लिहिले आहे. हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचले, तर कृपया आपला पत्ता कळवावा.

आपली कृतज्ञ,
त्या मायलेकींमधली लेक