लॅबला कुलूप लाव

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पोरांची जावा प्रोग्रामिंगची परीक्षा तोंडावर आली आणि तू अजून इनहेरिटन्समध्येच अडकलायस, हे वाचून आधी हसू आलं, मग काळजी वाटली. अरे, पहिल्या परीक्षेत पोरं आपटतात ती तेच काम फेरीफेरीने करणाऱ्या साध्या फॉर लूपमध्ये! आता नवीन काही शिकवू नकोस. थोडे दिवस लॅबला कुलूप लाव आणि सगळ्यांना वह्या काढायला सांग.

मशीनसमोर बसलं की ती 'रन' दाबतात. चुकलं की कुठेतरी एक मिळवतात, एक वजा करतात आणि पुन्हा दाबतात. उत्तर जमलं की खूश, पण का जमलं ते विचारलं की गप्प. कागदावर 'आउटपुट काय?' असा प्रश्न आला की मग पंचाईत होते. यावर ड्राय रनच करायचा, म्हणजे मशीनशिवाय, कागदावर कोड ओळीओळीने चालवायचा. प्रत्येक व्हेरिएबलला, म्हणजे किंमत बदलणाऱ्या नावाला, एक रकाना, प्रत्येक फेरीला एक ओळ. कंटाळतील, कुरकुरतील. कुरकुरू देत.

सुरुवात याने कर. अ‍ॅरेलिस्टमध्ये, म्हणजे कमीजास्त होऊ शकणाऱ्या यादीत, ४, ४, ७ आहेत आणि सगळे ४ काढायचेत. पोरं आय, म्हणजे यादीतल्या जागेचा क्रमांक, शून्यापासून पुढे नेतात. आय ० असताना पहिला ४ गेला आणि यादी सरकून ४, ७ झाली. पुढच्या फेरीत आय १, तिथे ७. दुसरा ४ शून्याच्या जागी येऊन बसलाय, त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही! आणि हाच कोड ४, ७, ४ वर बरोबर उत्तर देतो. एवढ्यावरच तपासून पोरगं निश्चिंत होतं. लूप शेवटाकडून मागे आणला की प्रश्न मिटतो, पण ते तू सांगू नकोस, रकाने भरता भरता त्यांनाच दिसू दे.

स्ट्रिंगचंही, म्हणजे अक्षरांच्या मजकुराचंही, तसंच. एकच शब्द कोडमध्ये दोनदा थेट लिहिला तर जावा दोन्हीकडे एकच ऑब्जेक्ट वापरते, त्यामुळे दोन्हीकडे तोच ऑब्जेक्ट आहे का एवढंच बघणाऱ्या डबल इक्वल्सने (==) तुलना केली तरी ट्रू येतं. तोच शब्द स्कॅनरने कीबोर्डवरून वाचला की ऑब्जेक्ट वेगळा, म्हणून फॉल्स! म्हणून अक्षरं ताडून बघणारी इक्वल्स मेथडच वापरायची, हे घोकून घे. पूर्णांकांत ५ भागिले २ चं उत्तर २, आणि ते डबलमध्ये, म्हणजे दशांशाच्या व्हेरिएबलमध्ये, ठेवलं तरी २.० च, कारण भागाकार आधीच उरकलेला असतो. शब्दाचा तुकडा काढणाऱ्या सबस्ट्रिंगला २ आणि ५ दिले की तीनच अक्षरं मिळतात, कारण ५ च्या जागेचं अक्षर धरत नाहीत, हेही एकदा करून घे.

आणि तपासताना सेमीकोलनसाठी मार्क कापत बसू नकोस रे. ते कोडचं भाषांतर करणारा कंपायलर सांगतोच. लूप एक फेरी जास्त फिरला तर मात्र सोडू नकोस.

सराव पेपर काढलास की मला पाठव, उत्तरं न लिहिता. मीही मशीन न उघडता सोडवून बघतो.

तुझा,
मिलिंद