आमदार लोकसभेला उभे राहतात, तेव्हा त्यांच्या मतदारसंघाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याच्या कसबा पेठ विधानसभा मतदारसंघात मी १९९५ पासून मतदान करतो आहे. त्या वर्षी गिरीश बापट येथून प्रथम आमदार झाले आणि ती धरून सलग पाच निवडणुका त्यांनी जिंकल्या. टेल्कोतील नोकरी, आणीबाणीतील तुरुंगवास, १९८३ मध्ये नगरसेवकपद आणि मग विधानसभा अशी पायरीपायरीने झालेली त्यांची वाटचाल आम्ही जवळून पाहिली. आमदाराने लोकसभेची निवडणूक लढवणे मतदाराच्या बाजूने कसे दिसते, हेही मला त्यांच्याच कारकिर्दीतून कळले.

बापट १९९६ मध्ये, म्हणजे आमदार होऊन जेमतेम वर्ष झाले असताना, लोकसभेला उभे राहिले आणि सुरेश कलमाडी यांच्याकडून पराभूत झाले. आमदारकी शाबूत होती, त्यामुळे ते कसब्यात परतले. २०१४ मध्ये त्यांचे नाव पुन्हा चर्चेत होते, परंतु उमेदवारी अनिल शिरोळे यांना मिळाली. अखेर २०१९ मध्ये, राज्यात मंत्री आणि पुण्याचे पालकमंत्री असताना, त्यांनी मोहन जोशी यांचा तीन लाख चोवीस हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. तेवीस वर्षांनी ही इच्छा पूर्ण झाली याचा मला त्यांचा मतदार म्हणून मनापासून आनंद झाला होता.

मात्र त्याच जूनमध्ये आमच्या वाड्याला धोकादायक इमारत म्हणून नोटीस आली. भाडेकरू आणि मालक यांच्यात समेट घडवून आणण्यासाठी पूर्वी ज्यांच्याकडे धाव घेतली असती, ते आमचे आमदार आता राहिले नव्हते. ऑक्टोबरअखेर मुक्ता टिळक निवडून येईपर्यंत कसब्याला आमदारच नव्हता. बापटांनी यात काहीही गैर केले नव्हते. एकाच वेळी दोन्ही सभागृहांचे सदस्य राहता येत नाही आणि निवड राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून चौदा दिवसांत विधिमंडळाचा राजीनामा दिला नाही, तर संसदेतील जागा रिक्त होते. जागा रिकामी झाल्यावर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी, असे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १५१ अ सांगते. पण उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर हे बंधन लागू होत नाही.

महाराष्ट्रापुरती अडचण नेमकी येथे आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. २००४ पासून आपल्याकडे लोकसभेची निवडणूक उन्हाळ्यात आणि विधानसभेची त्याच वर्षी दिवाळीच्या आगेमागे होते. त्यामुळे लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीत खासदार झालेल्या प्रत्येक आमदाराची जागा या एक वर्षाच्या अपवादात अलगद बसते आणि चार-पाच महिने रिकामी राहते. २०२४ मध्ये वर्षा गायकवाड, प्रणिती शिंदे, प्रतिभा धानोरकर, बळवंत वानखडे, संदीपान भुमरे आणि रवींद्र वायकर हे सहा विद्यमान आमदार लोकसभेवर गेले. पारनेरचे नीलेश लंके यांनी आधीच राजीनामा दिला होता. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि ‘लाडकी बहीण’सारखी मोठी योजना जाहीर झाली. धारावी, सोलापूर शहर मध्य, वरोरा, दर्यापूर, पैठण, जोगेश्वरी पूर्व आणि पारनेर येथील मतदारांच्या वतीने त्या चर्चेत बोलणारा त्यांचा स्वतःचा आमदार सभागृहात नव्हता.

आमदारांनी दिल्लीला जाऊ नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. कसब्याचेच उदाहरण घ्यावे. जुन्या वाड्यांच्या पुनर्विकासाचे नियम मुंबईत ठरतात, पण शनिवारवाड्याभोवतीच्या शंभर मीटरमध्ये नवे बांधकाम करण्यास मनाई आहे ती केंद्राच्या कायद्यामुळे, आणि तो बदलायचा तर संसदेतच बदलावा लागेल. या गल्लीबोळांत पंचवीस वर्षे फिरलेला माणूस लोकसभेत असणे आमच्या हिताचेच आहे. तरीही खासदारकीला आमदारकीची ‘बढती’ म्हणण्याची आपली सवय मला खटकते. खासदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी सहा विधानसभा मतदारसंघांत वाटावा लागतो. आमदाराला जवळपास तेवढाच निधी एका मतदारसंघासाठी मिळतो. भाडे नियंत्रण, पोलीस, पाणीपुरवठा हे सारे राज्याचे विषय आहेत. काम वेगळे आहे, वरचे नव्हे. मुरलीधर मोहोळ महापौरपद भूषवून, विधानसभेत न जाता थेट लोकसभेत पोहोचले, हेही पुण्यानेच पाहिले.

मोहोळ यांनी २०२४ मध्ये पराभूत केलेले रवींद्र धंगेकर हे कसब्याचेच आमदार होते. टिळक यांच्या निधनानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत, ज्यात बापट ऑक्सिजनची नळी लावून प्रचाराला आले होते, आम्ही धंगेकरांना सुमारे अकरा हजार मतांनी निवडून दिले आणि सव्वा वर्षाच्या आत ते लोकसभेचे उमेदवार झाले. बापट २९ मार्च २०२३ रोजी गेले. त्यांची लोकसभेची जागा एक वर्षाहून अधिक मुदत शिल्लक असूनही भरली गेली नाही. पोटनिवडणूक घ्या, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला, त्याला पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली.

माझी सूचना अशी आहे की, लोकसभेचा उमेदवारी अर्ज भरतानाच आमदाराने राजीनामा देणे कायद्याने बंधनकारक करावे आणि त्या जागेची पोटनिवडणूक, मुदत कितीही उरलेली असली तरी, लोकसभेच्या मतदानाच्याच दिवशी त्याच केंद्रांवर घ्यावी. राजीनाम्याची तारीख त्यासाठी अर्जाच्याही थोडी आधी आणावी लागेल, पण वेगळा बंदोबस्त लागणार नाही. हा नियम १९९६ मध्ये असता तर पराभवानंतर बापट कसब्याचे आमदार राहिले नसते आणि आमचे नुकसान झाले असते, हे मी मान्य करतो. १९९९ मध्ये आम्ही त्यांना पुन्हा निवडून दिले असते, याविषयीही मला शंका नाही.

वेळापत्रक बदलले नाही, तर २०२९ च्या उन्हाळ्यातही हेच घडेल. आज संसदेत असलेल्या महाराष्ट्राच्या खासदारांपैकी निदान जे स्वतः आमदारकी सोडून तेथे गेले आहेत, त्यांनी कलम १५१ अ च्या दुरुस्तीसाठी आतापासून खासगी विधेयक मांडावे, अशी त्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती करतो.

आपला,
कसबा पेठेतील एक मतदार, पुणे