माइक हातात, चर्चा साडीची

संपादक महोदय,

2003 च्या क्रिकेट विश्वचषकात अभिनेत्री मंदिरा बेदी टीव्हीवर सूत्रसंचालन करू लागल्या, तेव्हा चर्चा झाली ती त्यांच्या साड्या-ब्लाउजचीच. कानात निर्मात्याच्या सूचना चालू असताना समोरच्या खेळाडूचं उत्तर नीट ऐकून पुढचा प्रश्न विचारायचा, आणि तोही थेट प्रक्षेपणात! हे कसब कुणी पाहिलंच नाही. खरं तर भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांच्या कन्या चंद्रा नायडू यांनी 1970 च्या दशकातच क्रिकेटचं समालोचन केलं होतं. आजही गहुंजेच्या स्टेडियमवरचा सामना पाहताना निवेदिकेच्या कपड्यांवर शेरे कानावर पडतात, तेव्हा संताप येतो. आपल्या क्रीडा पानावर या स्त्रियांच्या कामाविषयी सविस्तर लेख यावेत, ही विनंती.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे