बाबा, चालणं फक्त शुगरसाठी नसतं

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं, आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात देतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, रिटायर झाल्यापासून तुम्ही फार गप्प झालात, पहाटे साडेतीनलाच जाग येते म्हणे आणि मग दिवसभर त्याच त्या बातम्या. डॉक्टरांनी चाला म्हटलं होतं ते शुगरसाठी, शुगर आटोक्यात आली आणि तुमचं रंकाळ्यावर जाणंच बंद झालं. मला ते परत सुरू व्हायला हवंय, तुमच्या मनासाठी.

वय झालं की माणूस असा उदास व्हायचाच, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात आणि मला ते अजिबात पटत नाही. अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीचा एक अभ्यास १९९९ साली आला, त्यात पन्नाशीपुढचे १५६ जण होते, सगळ्यांना डिप्रेशन. काहींना गोळ्या दिल्या, काहींकडून आठवड्यातून तीनदा व्यायाम करून घेतला, काहींना दोन्ही. गोळ्यांचा गुण लवकर आला खरा, पण १६ आठवड्यांनी बघितलं तर व्यायामवालेही जवळपास तेवढेच सुधारलेले! याचा अर्थ गोळ्या सोडा असा नाही हं, तुमची कुठलीच गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही.

आणि आई, तुला नावं आठवत नाहीत म्हणून तू घाबरतेस ना, तर २०११ मध्ये असंच १२० वयस्कर लोकांवर बघितलं होतं, जे वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालले त्यांच्या मेंदूतला आठवणी साठवणारा भाग साधारण २ टक्के वाढला, आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा कमी झाला. साधं चालणंच होतं ते, जिम वगैरे काही नाही.

शिवाय सकाळचं ऊन डोळ्यांवर पडलं की शरीराचं घड्याळ जागेवर येतं, रात्री झोप नीट लागते, आणि शालिनी पॅलेसच्या बाजूला कोणी ना कोणी ओळखीचं भेटतंच, दोन शब्द बोलणं होतं. मला तर हे बोलणंच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं बाबा.

डब्ल्यूएचओ आठवड्याला १५० मिनिटं सांगतं पण तुम्ही आधी दहाच मिनिटं चाला, मग हळूहळू वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत नसेल तर वेग बरोबर आहे. बाबा, खिशात साखरेची पुडी ठेवा, आणि छातीत दुखलं किंवा दम लागला तर तिथेच थांबायचं. आईनं गुडघ्यांसाठी ओट्याला धरून टाचा वर-खाली करायच्या, खुर्चीतून उठ-बस करायची, तोल सांभाळायला ते फार चांगलं.

एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत मन जड वाटायचं थांबलं नाही, तर बाबा, आपण डॉक्टरांकडे जायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि कधी जगणंच नकोसं वाटलं तर कुठल्याही वेळी मला उठवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

बाबांचे बूट मी ऑर्डर केलेत, आईच्या पायाचं माप व्हॉट्सॲपवर टाका म्हणजे तिचेही करते.

तुमची,
चिऊ