मीठ सोडा म्हणता, पण गोळी कोणती चालू आहे ते विचारलं का?

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या पुरवणीतला मिठाचा लेख वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बीपीवाल्यांनी मीठ कमी करावं, मान्य. पण सगळ्यांनीच भर उन्हाळ्यात मीठ बंद करून पहावं, हे काहून छापलं?

आमचे दादा १४ वर्षांपासून लिथियमच्या गोळीवर आहेत. गावात सगळे तिला झोपेची गोळी म्हणतात, पण ती झोपेची नाही, मन ठिकाणावर ठेवायची आहे. मागच्या मे महिन्यात असंच कुठंतरी वाचून त्यांनी मीठ सोडलं, वहिनी त्यांच्यापुरतं वरण अळणी काढून ठेवायची. बाहेर ४५ डिग्री, दादा वावरात पऱ्हाट्या उपटायला जायचे, घामानं सदरा पिळून निघायचा. आठ दिवसांत हात इतका थरथरायला लागला की बशीतला अर्धा चहा धोतरावर सांडे. मग हगवण लागली, जीभ जड झाली, दिवसभर गुंगी. आम्हाला वाटलं ऊन लागलं, वहिनी तळपायाला कांद्याचा रस चोळत बसली.

जिल्ह्याला नेलं तर डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, मीठ खाता का? रक्तात लिथियम २.१ निघालं, पाहिजे साधारण ०.६ ते १.२. अंगातलं मीठपाणी कमी झालं की किडनी मिठातलं सोडियम धरून ठेवते आणि त्याच्यासोबत लिथियमही धरून ठेवते, गोळी तेवढीच पण रक्तात साचत जाते. उलट एकदम मीठ वाढवलं तर लिथियम लघवीवाटे निघून जाते आणि जुना आजार उलटू शकतो. १९४९ साली अमेरिकेत मीठ बंद केलेल्या हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खायला मिळालं होतं, त्यात माणसं दगावली, म्हणजे हे काही आजचं नाही.

आणखी एक, त्याच आठवड्यात मेडिकलवाल्यानं दादांना गुडघ्यासाठी चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक या दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी दिली होती, त्यानंही लिथियम वाढू शकते. दुसरी कोणती गोळी चालू आहे का, एवढं एका शब्दानं विचारलं नाही. यावर कधी लिहाल?

काल दादा पेपर घेऊन वहिनीला म्हणत होते, "पाय वं, पुन्हा आलं, मीठ बंद करा म्हून." मी पेपर हातातून ओढून घेतला. पण बाकी घरांत कोण ओढणार? पुढच्या पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा की लिथियमची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ कमी-जास्त करू नये.

– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ