रेसिंग गेमच्या परीक्षणात राहून जाणारा प्रश्न

महोदय,

कार रेसिंग गेमची तुलना निघाली की गाडी ग्राफिक्सपाशीच अडते. पन्नाशीतही टेबलाला स्टिअरिंग लावून बसणाऱ्या माझ्यासारख्याला त्यापलीकडचं काही हवं असतं.

‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्ये ब्रेक दाबताच वजन पुढच्या चाकांवर आलेलं कळतं. ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरलं तर गाडी वळते, घाई केली की सरळ रेतीत! तिथे रिवाइंड, म्हणजे चूक झाली की काही सेकंद मागे जायची सोय, नाही. केलं ते भोगायचं. २०२३च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये एकट्याने खेळताना रिवाइंड आहे. नवख्याला बरं, पण सवय वाईट. सुरुवातीला त्यात गाडीची लेव्हल वाढवल्याशिवाय सुटे भागही मिळत नसत. २०२४च्या अपडेटने तो जाच कमी केला. ‘असेटो कोर्सा’ २०१४चा, मेन्यू रूक्ष, मूळ गेममध्ये पाऊस नाहीच, तरी मॉड्सच्या, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेल्या जोडण्यांच्या, जिवावर अजून तग धरून आहे.

खरा राग आहे तो इंटरनेटच्या सक्तीवर. मार्च २०२२ मध्ये ‘ग्रॅन टुरिस्मो ७’चे सर्व्हर तीस तासांहून अधिक बंद राहिले, तेव्हा एकट्याने खेळायचा बहुतेक भागही ठप्प झाला. ‘द क्रू’चे सर्व्हर तर ३१ मार्च २०२४ रोजी कायमचे बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम एकट्याने खेळण्यापुरताही उरला नाही.

परीक्षकांनी गुण देण्याआधी एकदा वायफाय बंद करून गेम सुरू करावा आणि काय चाललं, काय नाही, ते पहिल्याच परिच्छेदात छापावं.

आपला,
एक नियमित वाचक