सातबाऱ्यावरचा शिक्का आणि बत्तीस एकर

प्रति,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

विषय : औद्योगिक वसाहतींच्या वाढीव क्षेत्राबाबत

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्याचा. पस्तीस वर्षं फाउंड्रीत मोल्डर म्हणून, म्हणजे ओतकामाचे साचे करण्यात काढली. घरची अडीच एकर आहे, त्यात भावाची द्राक्षबाग. म्हणजे भट्टी आणि बाग, दोन्हींचं मीठ खाल्लेलं आहे. हे आधीच सांगतो, कारण जमिनीबद्दल तोंड उघडलं की माणूस लगेच विकासाचा विरोधक ठरतो. या भागात कारखाना आला नसता तर मीही चुलत्यांसारखा मुंबईची वाट धरली असती.

मागच्या पावसाळ्यात शेजाऱ्यासोबत बँकेत गेलो होतो. अवकाळीने दोनदा मणी तडकले, म्हणून बागेवर प्लॅस्टिकचं आच्छादन टाकायला त्याला कर्ज हवं होतं. मॅनेजरने सातबारा उलटसुलट पाहिला आणि ‘इतर अधिकार’च्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे औद्योगिक वसाहतीसाठी जमीन संपादनाची नोंद. जमीन गेली का? नाही. पैसे मिळाले का? तेही नाही. मोजणीला एकदा माणसं आली, बांधाला चार खुंट्या ठोकून गेली. त्यातल्या एकीला आता वासरू बांधतात. मॅनेजर भला माणूस, त्याने चहा पाजला आणि कागद परत दिला. तो शिक्का बसून बरीच वर्षं झाली. जमीन त्याच्या नावावर आहे, पण ना विकता येते, ना तारण ठेवता येते. कार्यालयाचं नाव मी घेत नाही. भांडण एका टेबलाशी नाही, सवयीशी आहे.

आधी जमीन अडकवायची आणि मालकाचा हिशेब शेवटी बघायचा, ही सवय जुनी आहे. सातारचे छत्रपती शहाजीराजे, म्हणजे आप्पासाहेब महाराज, एप्रिल १८४८ मध्ये वारले. मरण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. कंपनी सरकारचा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने तो मानला नाही आणि सातारा खालसा झालं. वारस नाही हे दाखवायचं कारण. त्याच्या टिपणातलं खरं कारण हिशेबी होतं. हा मुलूख कंपनीच्या प्रदेशाच्या ऐन मध्यभागी, मुंबई इलाख्यातल्या दोन मोठ्या लष्करी ठाण्यांच्या मधे पडत होता, आणि शिवाय महसूल वाढणार होता. पुढे १८५३ मध्ये निजामाकडून देण्यापोटी वऱ्हाड घेतलं, तेव्हा इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवाच होता. त्याच वर्षी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली आणि रेल्वे कुठे न्यायची याच्या विचारात कापूस आणि फौज या दोन गोष्टी कायम राहिल्या. गिरण्यांचा धूर तिकडे निघाला, नकाशाचा रंग इकडे बदलला. कापूस गेला, कापड आलं. साताऱ्याच्या वाट्याला कलेक्टर आला.

आता त्याच मुलखातली दुसरी गोष्ट ऐका. ती माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर घडली आहे.

बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा छोटा कारखाना होता. कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर तिथे व्हायचे. पहिले चाळीस नांगर तयार झाले तेव्हा घ्यायला कुणी तयार नव्हतं. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज. तो समज मोडायला दोन वर्षं गेली. जरा कुठे बस्तान बसतंय तोवर बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली, कारण गाव वाढत होतं आणि तिथे नवी वस्ती बसवायची होती. थोडक्यात, हद्द वाढली आणि कारखाना रस्त्यावर आला.

तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. कुंडल रोड स्टेशनजवळ त्यांनी बत्तीस एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी. माळ कसला, निवडुंग आणि नाग! साल १९१०. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे स्टेशनलाही तेच नाव लागलं. औंध म्हणजे तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं संस्थान. त्याच्या राजाला कुणाचा मुलूख घ्यायचा नव्हता. त्याने पडीक जमीन दिली, जवळ रेल्वे होती, आणि धंदा कळणारा माणूस आधीपासून हजर होता. चौथं काही लागलं असेल तर ते दोन वर्षं न विकले गेलेले नांगर पदरात घेऊन बसायची चिकाटी.

आमच्या गोठ्याच्या भिंतीला तसाच एक जुना नांगर टेकून ठेवलेला आहे. फाळ झिजून तळहाताएवढा राहिलाय. आजोबांनी विकू दिला नाही.

बत्तीस एकरांवर नांगर आणि पंपांइतकेच हात घडले, आणि मला मुख्य तेच सांगायचंय. साच्याची काळी माती मुठीत दाबायची. मूठ उघडली की बोटांचे ठसे तसेच राहिले पाहिजेत आणि गोळा मधोमध मोडला की कडा न भुरभुरता स्वच्छ तुटला पाहिजे. मग ती माती साचा धरते. पाणी जास्त झालं तर ओतताना वाफ कोंडते, कास्टिंगमध्ये भोकं पडतात, अख्खा दिवस भंगारात जातो. हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं, त्याला त्याच्या उस्तादाने. आज पलूस, कुपवाड, माधवनगरच्या शेडांमधून, पार कोल्हापूरपर्यंत, जी ओतकामं चालतात त्यांच्यामागे हे असे हात आहेत. जमिनीचं संपादन एका अधिसूचनेने होतं, साहेब. हाताला माती कळायला सात-आठ वर्षं लागतात आणि आमच्या आयटीआयमध्ये मोल्डरच्या ट्रेडला पोरं यायला मागत नाहीत. ती का येत नाहीत याची एक बैठक लावा, मी स्वखर्चाने मुंबईला येतो.

कोयनेचं दोन ओळींत सांगतो, कारण ते आपल्याला माहीतच आहे. १०५ टीएमसीचा शिवसागर जलाशय पाटण-जावळीच्या गावांवर पसरला, १,९६० मेगावॉटची वीज राज्याला मिळाली, मुंबई-पुण्याचे कारखाने उजळले. गावं उठून सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्याला गेली आणि पुनर्वसनासाठी त्यांची तिसरी पिढी अजून आंदोलनाला बसते. धरण नको होतं असं मी म्हणणार नाही. मी ज्या भट्टीवर जगलो तिलाही वीज लागायची. पण ज्याची जमीन आधी गेली त्याचा हिशेब सगळ्यात शेवटी, हा क्रम डलहौसीच्या पद्धतीचा झाला, पंतप्रतिनिधींच्या नव्हे.

म्हणून मागणं साधं आहे. नवीन शेकडो एकरांची अधिसूचना काढण्याआधी जुन्या वसाहतींमधल्या भूखंडांची यादी गावाच्या चावडीवर लावा : कोणता भूखंड कुणाला, कधी दिला, तिथे शेड आहे की नुसता बोर्ड. आमच्या जवळच्या वसाहतीत काही भूखंडांवर मी वर्षानुवर्षं बाभळीच पाहतोय. लहान वर्कशॉपवाला मात्र भाड्याच्या शेडमध्ये लेथ लावून जागेसाठी वाट बघतो. वीज दुपारी दोनदा जाते, तेव्हा वितळलेलं लोखंड भट्टीतच गार होऊ लागतं. त्याला आणखी एकर नकोत, न जाणारी वीज हवी आहे. आणि जमीन घ्यायचीच असेल तर माळ, मुरमाड, पडीक आधी बघा. पाणी असलेली बाग नकाशावर सपाट आणि रस्त्यालगत दिसते म्हणून ती पडीक होत नाही.

शिक्क्याचं मात्र लगेच करता येईल. संपादन ठराविक मुदतीत झालं नाही तर सातबाऱ्यावरची नोंद आपोआप निघावी, शेतकऱ्याला हेलपाटे न घालता. मुदत किती ते आपण ठरवा, दोन वर्षं म्हणा, तीन म्हणा. आज तिला मुदतच नाही.

शेजाऱ्याच्या बागेची छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. तोवर नोंद निघाली तर आच्छादनाचं कर्ज याच हंगामात बसेल, बँकेच्या मॅनेजरने तसं सांगितलंय. गट नंबर आणि सातबाऱ्याची प्रत टपालाने वेगळी पाठवली आहे.

आपला,
पलूस तालुक्यातला एक निवृत्त मोल्डर
जि. सांगली